गुळव्याचं नाक

"मॅडम, तुमची चमकी घातली तर पादल्याचा वाससुद्धा गुलाबासारखा येईल का?"

हो, हा प्रश्न मीच विचारला. तन्मयी दत्तात्रय चौगुले, दहावी ब. शाळेच्या सभागृहात, सहाशे पोरांसमोर, हातात माईक घेऊन. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही माझा आवाज घशात अडकायचा. यंदा वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले आणि तेव्हापासून माझं तोंड जे सुटलंय ते मिटायचं नाव घेत नाही, असं आई म्हणते. माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, अल्फिया आणि दिशा, यांनी त्याचाच फायदा घेतला.

"एवढी भाषणं ठोकतेस ना? मग विचारून दाखव!" दिशानं कोपर मारलं.

"नाही विचारलंस तर उद्यापासून तुझं नाव मांजर," अल्फिया म्हणाली.

मग काय, उठले!

सभागृह फुटलं. मुख्याध्यापकांचा चेहरा भरल्या वांग्यासारखा झाला. व्यासपीठावर चमकी बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञ डॉ. काळसेकर मॅडम होत्या, त्याही खळखळून हसल्या. मग चष्मा पुसता पुसता म्हणाल्या, "येईल. थोडी सवय झाली की नक्की येईल."

पोरं पुन्हा हसली. मीही. मॅडम मात्र तेव्हा हसत नव्हत्या. ते मला आता आठवतंय.

त्याच दिवशी चमकी बसवायच्या पहिल्या तुकडीची बारा नावं निघाली. सगळ्यात वर माझं होतं.

चमकीची गरज का पडली, ते सांगते. सलग चार उन्हाळे असे गेले, की डाळ आणि भाजी शाळेच्या खिचडीत परवडेना. मग आली पोषणवडी. शेवाळ, नाचणी आणि कसलीशी बुरशी यांची करडी चौकोनी वडी. अंगाला उत्तम, पण तोंडात घातली की ओला पुठ्ठा. पोरं ती खिडकीतून बाहेर फेकायची. आमच्या शाळेतली कुत्रीसुद्धा ती हुंगून पुढं जायची. आणि माझी आई, जी बारा वर्षं शाळेत खिचडी शिजवत होती, तिच्या स्वयंपाकखोलीला कुलूप लागलं.

आता एक गंमत करा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि गुळाचा खडा तोंडात टाका. काय लागतं? गोड. बस्स, नुसतं गोड. गूळ की साखर, सांगता येत नाही. आता नाक सोडा. आला ना गूळ? उसाचा रस, धूर, किंचित भाजकेपणा, सगळं एकदम? जिभेला बिचारीला गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी ती मटणाच्या रश्श्यातली उमामी, एवढंच कळतं. मिरचीचा ठसका तर चवही नाही, ती चक्क वेदना आहे. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ती जवळजवळ सगळी नाकाची कमाई. घास चावताना त्याचा वास घशामागून वर चढतो. तिथं, नाकाच्या छताला, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत लाखो पेशी बसलेल्या असतात. त्यांचे साधारण चारशे प्रकार. कुठल्या वासाला कुठल्या पेशी पेटतात त्याची एक रांगोळी उठते, आणि मेंदू ती रांगोळी बघून म्हणतो, हा गूळ. हा लसूण. ही आई.

चमकी ती रांगोळीच पुसून दुसरी काढायची. दिसायला अगदी नाकातल्या खड्यासारखी, मागं फिरकी. तिच्यापासून केसाहून बारीक तार त्या छतापर्यंत जायची. मुलांना लाज वाटू नये म्हणून तेच यंत्र पारदर्शक बटणासारखं. ज्या वासाला तुम्ही नाक मुरडता तो चमकी लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी मेंदूपर्यंत पोचायच्या आत बदलून टाकते. शिकाऊ आहे ती. माझ्यासारखीच हुशार!

संमतीपत्रावर सही करायला पप्पा शाळेत आले. माझे पप्पा गुळव्या आहेत. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस उकळत असतो, तो नेमका कुठल्या क्षणी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. मिनिटभर आधी उतरवला तर गूळ धरत नाही, मिनिटभर उशीर झाला तर करपतो. पंचक्रोशीत दत्ता चौगुलेचा शब्द शेवटचा. त्यातही लोक मुद्दाम रविवारचा गूळ मागायचे. रविवारचाच का, ते मला कधी कळलं नव्हतं.

सही करण्याआधी पप्पांनी डॉ. काळसेकर मॅडमना विचारलं, "ज्याचं नाक पार गेलंय, त्याला हे चालंल का हो?"

"नाही. आधी जिवंत पेशी लागतात," मॅडम म्हणाल्या.

पप्पांनी कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली. मला वाटलं, गावातल्या कुणासाठी तरी विचारत असतील.

चमकी बसली आणि माझी चंगळ सुरू झाली. वडीची पावभाजी, वडीची बिर्याणी, वडीचा चॉकलेट केक! बारा जण बारा डबे चाटूनपुसून खायचो. वार्ताहर आले, माझा फोटो छापून आला. मी त्यांना म्हणाले, "आमच्या पिढीला बेचव हा शब्द शब्दकोशात शोधावा लागेल." टाळ्या! बारा जणांत दिशा होती, अल्फियाचं नाव नव्हतं. ती रोज विचारायची, "आज काय लागलं गं?" आणि मी तिला जळवत वर्णन करायची.

बाराव्या दिवशी रात्री जेवताना मी म्हणाले, "आई, आज आमटीला लसणाची फोडणी काय जबरी बसलीय!"

आईचा हात परातीत थांबला. "लसूण संपलाय. फोडणीच घातली नाही आज."

मी हसले. ती हसली नाही. तिनं माझ्या ताटाकडं असं बघितलं, जसं ते दुसऱ्या कुणाच्या घरचं आहे. नंतर भांडी घासताना हळूच म्हणाली, "मग माझ्या हाताला चव असली काय आणि नसली काय." मी नुसती ताटं पुसत राहिले. वक्तृत्वात पहिली आलेली मी!

एकतिसाव्या दिवशी घूस सापडली.

आम्ही बारा जण रोज, अगदी रविवारीही, जेवायला प्रयोगशाळेत बसायचो, कारण तिथं आमच्या नोंदी घेतल्या जायच्या. त्या दुपारी शिपाई मोरेमामा दार उघडून आत आले आणि तोंडावर उपरणं दाबून उलट्या पावली बाहेर पळाले. मागून अल्फिया वही द्यायला आली, ती दारातच ओकली.

"अगं काय झालं?" मी विचारलं. घास माझ्या तोंडात होता.

"तनू, तुला येत नाहीये? खरंच येत नाहीये?"

"काय?"

मोरेमामांनी नाक बांधून कपाट उघडलं. माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावरचं. खालच्या कप्प्यात घूस होती, मोठी, फुगून फाटलेली. अळ्या कप्प्याच्या कडेवरून खाली पडत होत्या. मामा म्हणाले, चार दिवस तरी झाले असतील.

चार दिवस आम्ही तिथं जेवलो होतो. आणि त्या चार दिवसांत मला वाटत होतं, खिडकीबाहेर कुठंतरी मोगरा फुललाय. मी तो शोधायलासुद्धा गेले होते.

माझा प्रश्न आठवला. मॅडमचं उत्तरही आठवलं. 

दिशानं त्याच संध्याकाळी चमकी काढली. फिरकीला दोन वेढे दिले की निघते, दुखत नाही. दुसऱ्या दिवशी तिला काहीच वास येत नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी मी तिच्या घरी गेले, तर ती भाताच्या ताटासमोर बसून रडत होती.

"कागद चावल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "भात कागद, आंबा कागद. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं ना तनू, तर ती आई आहे असं वाटतच नाही. कुणीतरी बाई आहे."

मी घरी पळत आले. आईच्या पदरात नाक खुपसलं. केवढा सुंदर वास आला! चंदनासारखा.

माझ्या आईला चंदनाचा वास येत नाही. तिला धूर, कोथिंबीर आणि घामाचा वास येतो. यायचा. तो नेमका कसा होता, हे आठवायचा मी प्रयत्न केला. शब्द आठवत होते, वास आठवत नव्हता.

मी कुणाला काही बोलले नाही. फोटो छापून आलेल्या मुलीनं आपण घाबरलोय असं सांगायचं कसं? शिवाय चमकी काढली तर माझीही दिशासारखी गत होणार, ही भीती होतीच. 

चव्वेचाळिसावा दिवस रविवार होता.

रविवारी सकाळी मी पप्पांबरोबर गुऱ्हाळावर जाते, सात वर्षांची असल्यापासून; फक्त चमकीचे पहिले सहा आठवडे रविवारीही नोंदींसाठी शाळेत जावं लागलं, म्हणून खंड पडला होता. आमचा एक खेळ आहे. काहील उकळायला लागली की पप्पा म्हणतात, "तनू, नाक लाव." मग मी डोळे मिटून सांगायचं. आता ओल्या उसाचा वास. आता मक्याच्या कणसाचा. आता भाजक्या शेंगांचा. आणि शेंगांच्या मागोमाग एक इवलासा कडवट वास येतो, काडी विझवल्यासारखा. तो आला की मी ओरडायचं, "पप्पा, उतरवा!" आणि काहील उतरायची. लहानपणी वाटायचं, आख्खं गुऱ्हाळ माझ्या हुकमावर चालतं.

त्या सकाळीही रस उकळत होता. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारायला सर्जेराव काका होते. पप्पा फावडं घेऊन काहिलीच्या काठावर उभे होते.

"तनू, नाक लाव."

मी डोळे मिटले. "कणसं... आता शेंगा."

"अजून?"

"शेंगाच. मस्त वास आहे पप्पा. अजून नाही."

"रंग चढलाय गं. बघ नीट."

"शेंगाच आहेत. थांबा."

डोळे चुरचुरत होते. मला वाटलं, चिपाडांचा धूर असेल. शेंगा, गोड गोड शेंगा, जत्रेतल्या गरम पुडीसारख्या. कडवट वासाची मी वाट बघत होते. तो माझ्यापर्यंत येऊच शकत नाही, हे मला कळायला हवं होतं. लहानपणापासून त्या वासाला मी नाक मुरडत आले होते. घरी विझवलेल्या काड्यांवरून चमकीनं ते केव्हाच टिपून ठेवलं होतं.

"दत्ता!" सर्जेराव काका ओरडले. "आरं करपलं की रं! मुडदा बशिवला तुझा, उतरीव!"

मी डोळे उघडले. काहिलीतला फेस काळपट तांबडा होऊन काठावर चढला होता. पप्पांनी कडीला हात घातला, माणसं धावली, काहील एका बाजूला कलली आणि उकळता पाक पप्पांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत आला. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही. तो चिकटतो. पप्पांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

त्याच क्षणी मला एक वास आला. खरपूस, तुपातला, दिवाळीच्या सकाळसारखा.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

पप्पांची कातडी भाजत होती आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. सगळ्यांना वाटलं, पोरगी घाबरली. घाबरलेच होते. पण पाकाला नाही, स्वतःला.

दवाखान्यातून आल्यावर दुपारी मी परसात जाऊन डॉ. काळसेकर मॅडमना फोन लावला. बारा जणांकडं त्यांचा नंबर होता. मी सगळं सांगितलं, तोंडाला पाणी सुटल्याचं सोडून.

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "तन्मयी, नाकातल्या पेशी जन्मभर टिकत नाहीत. महिना-दोन महिन्यांत जुन्या मरतात, नव्या येतात. नवी पेशी कोवळी असते, कुठं जोडून घ्यायचं ते ती आजूबाजूचे संदेश ऐकून शिकते. तुझ्या नव्या पेशी सध्या जगाचं नाही, चमकीचं ऐकतायत."

"मग काढली तर?"

"आज काढलीस तर थोड्या जुन्या पेशी शिल्लक असतील. नव्या त्यांच्या मागं जातील... बहुतेक. साठ दिवसांनंतर जुनं कुणी उरणार नाही."

"बहुतेक म्हणजे किती? दिशाला अजून काहीच येत नाही!"

"मला माहीत नाही, बाळ. खरंच नाही. कंपनी म्हणते चमकीच सुधारू, काढायची गरज नाही."

"तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

"तू प्रश्न गमतीत विचारलास," त्या हळू म्हणाल्या. "मी उत्तर खरं दिलं होतं. कुणीतरी त्याच्यापुढचा प्रश्न विचारेल, ही सवय नंतर मोडता येईल का, असं वाटलं होतं मला."

मी फोन ठेवला. त्या स्वतः का बोलल्या नाहीत, हा राग नंतर आला.

आज पंचेचाळिसावा दिवस. संध्याकाळी मी आईपप्पांसमोर बसले आणि फोनवरचं सगळं सांगितलं. पप्पांचा हात कोपरापर्यंत पट्टीत. आई त्यांना आमटीभात भरवत होती.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं. पण पप्पा, तुम्हाला स्वतःला करपल्याचा वास कसा नाही आला?"

आईचा चमचा हवेत थांबला. तिनं पप्पांकडं बघितलं. म्हणजे तिला माहीत होतं.

"मला वास येत न्हाई, तनू," पप्पा म्हणाले. "तू सात वर्षांची व्हतीस, तवा मला मोठा ताप आला बघ. त्या तापात गेला. परत आलाच न्हाई."

"पण मग गूळ?"

"डोळ्यानं. बोटानं. पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी वळायची. जमतंय, पर नावाजण्यासारखा न्हाई व्हत. नावाचा गूळ रविवारी व्हायचा. तू असायचीस म्हणून."

आठ वर्षं. खेळ नव्हताच तो. पंचक्रोशीतल्या सगळ्यात मोठ्या गुळव्याचं नाक माझ्या तोंडावर होतं, आणि मी ते वडी गोड लागावी म्हणून देऊन टाकलं होतं.

"म्हणून सांगतोय," पप्पा पुढं म्हणाले. "काढू नगंस ती चमकी. आठ वर्षं मी कागद खातोय. तुझ्या आईला विचार. ताटावर बसायची भीती वाटती. तू जन्मलीस तवाचा तुझ्या टाळूचा वास, तोबी आठवत न्हाई आता. खोटा का असंना, तुला वास तरी येतोय. ऱ्हाऊ दे, पोरी. बापाचं ऐक."

"खरंय त्यांचं," आई म्हणाली. ती माझ्याकडं बघत नव्हती. "मी बघितलंय यांना जेवताना. तुला तसं बघायचं माझ्यात बळ नाही."

मी भाषणं ठोकते. शब्द मला नेहमी सापडतात. पण हे वाक्य बोलायला मला आमटी गार होईपर्यंत वेळ लागला.

"पप्पा, काल तुमचा हात भाजला तेव्हा मला तुपातला वास आला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं."

आईनं वाटी खाली ठेवली. पप्पा पट्टीतल्या हाताकडं बघत राहिले. 

"उद्या आईला काही झालं तर मला मोगरा येईल," मी म्हणाले. माझा आवाज वाकडातिकडा येत होता, पण येत होता. "घराला आग लागली तर दिवाळी येईल. त्यापेक्षा कागद चालेल मला. मला पण भीती वाटतेय, खूप वाटतेय. दिशाच्या ताटासमोर मी बसून आलेय. तरीसुद्धा."

पप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी नाकाला हात लावला. फिरकी बोटाला सापडली.

"आई, पप्पा, मी चमकी काढतेय. आत्ता, तुमच्यासमोर. उद्या शाळेत माईक मागणार आहे, आणि या वेळी पुढचा प्रश्न विचारणार आहे, कुणी पैज लावो न लावो. आणि रविवारी मी गुऱ्हाळावर येतेय. वास आला तर आला. नाही आला तर पप्पा, तुम्ही मला पाण्यात गोळी वळायला शिकवायची."